इतके मालक बदललेली फेरारी 250 जीटीओ एवढी महाग कशी काय विकली जाते?

तुमचा मुद्दा बरोबर आहे, आपण सेकंड हँड गाडी बघायला गेलो की पहिला प्रश्न "कितवा ओनर?" आणि थर्ड ओनर म्हटलं की लगेच भाव पाडायला सुरुवात. पण जीटीओ ही रेससाठी बनवलेली गाडी, तिच्या बाबतीत मालक किती झाले याला कोणी विचारत नाही, कोण कोण झाले आणि त्यांनी गाडी कुठे पळवली हे बघतात.

मुळात 1962 ते 64 मध्ये या गाड्या बनल्या फक्त 36, त्यामुळे प्रत्येकीला लोक चेसिस नंबरनेच ओळखतात. आमची फियाट नावावर करताना एजंटने चेसिस नंबरवर पेन्सिल घासली, वर सेलोटेप दाबला आणि ओढून फॉर्मवर चिकटवला, काळे आकडे उमटलेली एवढीशी पट्टी, बास, तीच गाडीची ओळख. जीटीओचंही तेच, फक्त त्या आकड्यांमागे एकेका रेसचा निकाल असतो.

उदाहरण घ्या 3413 नंबरचं. 1962 ला टार्गा फ्लोरिओच्या, म्हणजे सिसिलीतल्या रस्त्यांवरच्या नावाजलेल्या रेसच्या आधी कंपनीने टेस्ट कार म्हणून वापरली, चालवायला फिल हिल, म्हणजे आदल्याच वर्षीचा एफ वन चॅम्पियन! मग एदोआर्दो लुआल्दी-गबार्दीने घेतली आणि त्याच वर्षी इटलीची जीटी, म्हणजे स्पोर्ट्स कारची चॅम्पियनशिप मारली. पुढचा मालक जियानी बुल्गारी, हो तेच दागिनेवाले बुल्गारी, त्याने 1963 ला टार्गा फ्लोरिओत क्लास जिंकला, म्हणजे आपल्या गटात पहिला. मग आला कोरादो फेर्लाइनो, 1964 ला परत तीच रेस, परत क्लास विन. हे नाव फुटबॉलवाल्यांच्या कानावरून गेलं असेल, 1984 ला मॅराडोनाला नापोलीत आणलं तेव्हा क्लबचा प्रेसिडेंट हाच होता, मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

आता गंमत बघा, 1964 मध्ये या गाडीची बॉडीच बदलली. आपल्याकडे बॉडी बदललेली म्हटल्यावर गिऱ्हाईक चहा न पिताच उठेल. पण इथे काम केलं स्कालिएत्तीने, जो फेरारीच्या बॉड्या बनवायचाच, आणि बसवली ती 64 च्या नव्या मॉडेलची बॉडी, शिवाय इंजिन मूळचंच राहिलं. त्यामुळे कोणी नाक मुरडत नाही. ऑगस्ट 2018 ला अमेरिकेत मॉन्टेरेच्या लिलावात ती 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली, तेव्हाचा लिलावातला रेकॉर्ड. विकणारे ग्रेग व्हिटन, मायक्रोसॉफ्टचे जुने माणूस, त्यांनी 2000 सालापासून सांभाळलेली.

आणि ॲक्सिडेंटचं म्हणाल तर 3851 बघा. पहिला मालक फ्रेंच रेसर जो श्लेसर. 1962 च्या टूर द फ्रान्स ऑटोमध्ये (सायकलची नाही, गाड्यांची रेस) त्याच्या जोडीला होता आंरी ओरेये, 1948 च्या ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचं गोल्ड मिळवलेला, दोघं दुसरे आले. त्यानंतर काहीच दिवसांनी, ऑक्टोबरमध्ये, फ्रान्समधल्या माँलेरीच्या ट्रॅकवर याच गाडीच्या अपघातात ओरेये वारला. गाडी दुरुस्त झाली, इटलीत दोन जणांकडे घाटातल्या रेसेस पळाली आणि 1965 ला फाब्रित्सिओ व्हिओलातीकडे आली. त्या काळात जुनी रेस कार म्हणजे जवळपास भंगारच, पण या माणसाने ती सोडलीच नाही, 2010 ला वारला तोपर्यंत त्याच्याकडेच होती, तब्बल 45 वर्षं. आपला डीलर डेंट काढून, पेंट मारून "एकदम नॉन ॲक्सिडेंट, साहेब" म्हणतो, तिथे ओरेयेचा अपघात कॅटलॉगमध्ये सरळ छापलेला होता, आणि तरी 2014 ला बोनॅम्सच्या लिलावात ती 3 कोटी 81 लाख डॉलरला गेली.