वाचक विचारतात : कानेओहेची सीप्लेन आणि हिप्परग्याचा तलाव

प्रश्न : पर्ल हार्बरजवळच्या कानेओहे या अमेरिकी नौदल तळावरची सीप्लेन जपानी हल्ल्यात एका सकाळीत जवळपास सगळी गेली. पाण्यावरून उडणारी विमानं खाडीत पसरून का ठेवली नव्हती? आणि धावपट्टी लागत नसेल तर त्यांना तळ तरी कशाला हवा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

कानेओहेवर ३६ कॅटालिना होत्या, म्हणजे पीबीवाय-५ जातीची गस्तीची सीप्लेन. या विमानाला स्वतःची चाकं नसतात. ते पाण्यातून जमिनीवर चढणाऱ्या बांधीव उताराजवळ आणलं की माणसं छातीभर पाण्यात उतरून दोन्ही बाजूंना चाकांचे सांगाडे आणि शेपटीखाली एक चाक अडकवत. मग ट्रॅक्टर त्याला शेपटीकडून वर ओढी. आडवा वारा सुटला तर हे सारं जिकिरीचं होई, कारण पंखांचा पसारा ३१ मीटरांहून जास्त.

एवढा खटाटोप खाऱ्या पाण्यामुळे. बाहेर काढलेलं विमान गोड्या पाण्यानं धुवायचं, सांधे ग्रीसनं माखायचे. यात हयगय झाली की अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोखरलाच. लाटांच्या माऱ्यानं विमानाच्या बुडाचे रिव्हेट ढिले होतात आणि पाणी आत झिरपतं, म्हणून बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या विमानातलं पाणी पंपानं उपसत राहावं लागतं. तिथे इंधनही नावेतूनच भरायचं. त्यात पाणी गेलं तर इंजिन ऐन हवेत दगा देतं, म्हणून ते मऊ चामड्यातून गाळून घेत. उड्डाणाआधी लाँच, म्हणजे छोटी मोटरबोट, फिरवून ओंडके, फळकुटं हुडकायची ती वेगळीच. थोडक्यात, या विमानाला धावपट्टी नको, पण उतार, हँगर आणि माणसांची फौज हवीच.

त्यामुळे ७ डिसेंबर १९४१ला बरीचशी विमानं उतारावर आणि हँगरमध्ये होती, काही बोयांना बांधलेली. आधी जपानी झिरो या लढाऊ विमानांनी खाली येऊन गोळ्या झाडल्या, मग बॉम्बफेकी विमानं आली. कॅटालिनाच्या पंखांतल्या टाक्यांत साडेसहा हजार लिटरांच्या आसपास पेट्रोल मावतं. एक पेटलं की शेजारचं धोक्यात. २७ विमानं नष्ट झाली, ६ नादुरुस्त. धड राहिली ती गस्तीवर गेलेली ३. जॉन फिन या शस्त्रविभागाच्या अधिकाऱ्यानं शिकवणीच्या तिवईवर मशीनगन लावून, उघड्यावर उभं राहून, जखमी अवस्थेत दोन तासांहून अधिक काळ मारा केला. त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

पसरून ठेवली असती तर थोडी वाचली असती, पण फार नाही. बोयावरच्या विमानाच्या बुडाची गोळ्यांनी चाळण झाली की ते जागच्या जागी बुडतं, आणि आग विझवायलाही नावेतूनच जावं लागतं.

प्रश्न : आपल्याकडे असे तळ होते का? हिप्परग्याच्या तलावात कॅटालिना उतरली असती का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : होते, पण ते ब्रिटिश हवाई दलाचे. मद्रासजवळचा रेडहिल्स तलाव हा त्यातला एक. श्रीलंकेत कोग्गलाचं सरोवर होतं. तिथून उडालेल्या कॅनेडियन स्क्वाड्रनच्या लिओनार्ड बर्चल यांना ४ एप्रिल १९४२ला जपानी आरमार दिसलं. विमान पाडलं गेलं, ते स्वतः कैद झाले, पण संदेश पोचला होता. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा शहर बेसावध नव्हतं.

हिप्परग्याचं म्हणाल, तर तलाव भरलेला असताना उतरणं जमलं असतं. पुन्हा उडणं अवघड. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास, त्यात आपला उन्हाळा; हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात आणि धाव लांबते. उन्हाळ्यात पाणीही उतरलेलं. शिवाय वारा पडून पाणी आरशासारखं झालं की ते विमानाच्या बुडाला चिकटून धरतं; अशा वेळी पुढे लाँच पळवून मुद्दाम लाटा उठवतात. हलकं विमान, डिसेंबरातली सकाळ, समोरून थोडा वारा असेल तर प्रयत्न करता आला असता. टाक्या भरून, मे महिन्यातल्या दुपारी, मुळीच नाही.