हार्डनरचा डबा आधी बघा, मग नोकरीचं ठरवू

कळव्याहून एका आईने लिहिलंय: मुलगा 19 वर्षांचा, बारावी सायन्स झालेला. रबाळे एमआयडीसीत जॉबवर्कच्या एका शॉपमध्ये पीयू (पॉलियुरेथेन) पेंटच्या स्प्रेवर हेल्पर म्हणून लागून महिना झाला. घरी येतो तो अंगाला थिनरचा वास घेऊनच. डोकं धरतं, आणि आठवडाभर रात्री खोकतोय. मामा म्हणतात, मी वीस वर्षं हेच केलं, गूळ खा, काही होत नाही. घरात त्याचा पगार लागतो. काम सोडायला लावू का?

ताई,

आधी खोकल्याचं बोलू, करिअरचं नंतर. याच आठवड्यात त्याला छातीच्या डॉक्टरांकडे न्या. छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुमच्या कळव्यातच आहे. तिथे नुसतं ‘खोकला येतो’ म्हणू नका. ‘पीयू पेंटच्या स्प्रेवर काम करतो’ असं स्पष्ट सांगा आणि पीएफटी, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी, करायची का ते विचारा. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो आणि कामावर गेलं की पुन्हा सुरू, असं आहे का? असेल तर डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगा. तोवर त्याने स्प्रे गन हातात घेऊ नये, स्प्रे चालू असताना बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या खोलीत, थांबूही नये. शेठशी बोलून बूथपासून लांब, पॅकिंगला बसता आलं तर पगारही बुडणार नाही.

इतकी घाई करतोय, कारण पीयू पेंट दोन डब्यांत येतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गन चालली की त्याचे बारीक कण हवेत पसरतात, श्वासातून आत जातात आणि त्यातून दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली, की पुढे जरासा संपर्कही धाप लागायला पुरतो. मग हे काम कायमचं सुटतं. त्रास पुष्कळदा कामावर होतच नाही, काही तासांनी, रात्री सुरू होतो. म्हणून तुमच्या पत्रातल्या ‘रात्री’ या शब्दावर मी थांबलो. थिनरचा वास येतो म्हणून घरातले थिनरला घाबरतात. आयसोसायनेटचा वास नाकाला कळेपर्यंत धोक्याची पातळी उलटून गेलेली असते.

थिनरही साधं नाही. डोकं धरतं ते त्यातल्या टोल्युइन, झायलीनसारख्या द्रव्यांच्या वाफेने. संध्याकाळी पोरं त्यानेच हात धुतात. ते आजपासून बंद, साबण लावायचा.

मामा तुमच्या काळजीपोटीच बोलतात. पण त्यांना त्रास झाला नाही म्हणून भाच्याला होणार नाही, असं नसतं. आणि गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही.

महापेच्या एका पेंट शॉपमध्ये मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. बूथच्या आतच खिळ्याला चार मास्क टांगलेले. रात्रभर तिथली वाफ ओढून त्यांची हवा गाळणारी कार्ट्रिज वापराआधीच भरत होती, आणि ती कधी बदलली ते कुणालाच आठवेना. मास्क घातलेल्या दोघांना भरघोस दाढी, म्हणजे कडेने हवा आत. पोरांना वाटत होतं, आपण सुरक्षित आहोत. ते बघून मला फार वाईट वाटलं. खरं तर पीयूच्या स्प्रेला नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. रुमाल किंवा कापडी मास्क काहीच अडवत नाही.

मुलाला दोन गोष्टी बघून यायला सांगा. हवेच्या नळीचा मास्क आहे का, आणि हार्डनरची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे धोके आणि घ्यायची काळजी लिहिलेला कागद, मिळते का. तिच्या आठव्या भागात कोणती साधनं वापरायची ते लिहिलेलं असतं. मास्क नसेल, तर डॉक्टरांनी छाती ठीक आहे म्हटलं तरी तिथे स्प्रेवर जाऊ देऊ नका. यात मी मध्यममार्ग सुचवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1989 सालीच रंगाऱ्याचं काम कर्करोगाचा धोका असलेल्या व्यवसायांत धरलंय. साधनांवर भागवाभागवी करायचं हे काम नव्हे.

पण मुलाचा या कामातला रस मारू नका. पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतं. पावडर मारून जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, भट्टीत भाजतात. धुळीचा मास्क तिथेही हवाच, पण आयसोसायनेटचा हा धोका सहसा नसतो. बारावी सायन्स आहे, तर केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं की पेंट कंपनीच्या लॅबची वाट उघडते. गणित असेल आणि सीईटीला मार्क पडले, तर माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) सरफेस कोटिंगचं, म्हणजे रंग-लेपाच्या तंत्राचं, बी.टेक. आहे. मला स्वतःला त्याच्यासाठी लॅबची वाट जास्त पटते. महिनाभर गनशेजारी उभा राहिलेला मुलगा रंग का सुटतो, का फुगतो, हे पुस्तकाआधी बघून आलेला असतो.

रिपोर्ट आला की मला लिहा. सोबत हार्डनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो पाठवा, मी वाचून सांगतो.