कलम ३४ असूनही टीव्हीचा पडदा काळा का झाला?

प्रश्न : केनियाच्या राज्यघटनेत माध्यमांसाठी वेगळं कलम आहे म्हणे. तरी तिथे सरकारने वाहिन्या कशा बंद पाडल्या?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या घटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्य हा शब्द नाही, न्यायालयांनी ते कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरलं. केनियाने २०१० च्या घटनेत ते स्पष्ट लिहून ठेवलं. कलम ३३ व्यक्तीसाठी, ३४ माध्यमांसाठी. प्रसारण वा प्रकाशन करणाऱ्यांवर राज्यसंस्थेने नियंत्रण ठेवायचं नाही, ढवळाढवळ करायची नाही. हिंसेची चिथावणी, द्वेषमूलक भाषण, युद्धाचा प्रचार यांना मात्र संरक्षण नाही. प्रसारणाला परवाना लागतो, पण तो केवळ लहरींचं आणि सिग्नल वितरणाचं नियमन करण्यापुरता.

घाव बसतो तो नेमका या सिग्नलवर. स्टुडिओत निवेदक बोलत असतो, कॅमेरे चालू असतात. प्रक्षेपण केंद्रावरचा ट्रान्समीटर बंद केला की घरातला पडदा काळा. ३० जानेवारी २०१८ ला विरोधी पक्षनेते रायला ओडिंगा यांनी नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, त्या दिवशी एनटीव्ही, केटीएन, सिटिझन आणि इनूरो या वाहिन्या अशाच गेल्या. १ फेब्रुवारीला उच्च न्यायालयाने प्रक्षेपण सुरू करायला सांगितलं. तरी एनटीव्ही आणि केटीएन परतल्या ५ तारखेला, सिटिझन ८ ला. हा आठवडा आमच्या मते फार गंभीर आहे, कारण बातमीची गरज त्याच दिवसांत होती. २५ जून २०२५ ला निदर्शनांचं थेट प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश निघाला, तेव्हा न्यायालयाने त्याच दिवशी त्याला स्थगिती दिली.

इतक्या लवकर न्यायालयात जाता येतं ते कलम २२ मुळे. जनहितासाठी कोणीही याचिका करू शकतो, ती दाखल करायला शुल्क नाही, साध्या कागदावरचा अर्जही चालतो. अंतरिम आदेश कलम २३ खाली मागायचा.

प्रश्न : मी नोकरीसाठी नैरोबीत असते, पासपोर्ट भारतीय. तिथे माहिती अधिकारात अर्ज करता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. कलम ३३ ‘प्रत्येक व्यक्ती’ म्हणतं, म्हणून बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्हालाही आहे. कलम ३५ मात्र ‘प्रत्येक नागरिक’ म्हणतं. फॅमी केअर या भारतीय औषध कंपनीलाही २०१२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने याच शब्दावर नकार दिला. पुढे २०१६ च्या माहिती कायद्याने केनियन नागरिकांच्या ताब्यातल्या खासगी संस्थांना नागरिकांत धरलं. तेव्हा अर्ज केनियन सहकाऱ्याच्या किंवा अशा संस्थेच्या नावाने करा. इंग्रजी किंवा किस्वाहिलीत, कोणती माहिती हवी ते नेमकं लिहून. अर्जाला पैसे पडत नाहीत, प्रतींचा खर्च द्यावा लागतो. उत्तराची मुदत २१ दिवस. जीविताचा किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. माहिती फार मोठी असेल तर एकदाच आणखी १४ दिवस घेता येतात. नकार आला तर ३० दिवसांत प्रशासकीय न्याय आयोगाकडे फेरविचारासाठी जायचं. नकाराचं पत्र आणि अर्जाची पोच जपून ठेवा. तारखा त्यावरूनच मोजल्या जातात.