स्कॅन कागदावरचे शेरे: तुमचे प्रश्न

प्रश्न: मी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. जुनं खरेदीखत स्कॅन करून त्याच्या पीडीएफवर संगणकातच चिकट चिठ्ठ्या (स्टिकी नोट) लावल्या आणि ती वकिलांना पाठवली. त्यांच्या प्रिंटमध्ये चिठ्ठ्यांतला मजकूर आलाच नाही. असं का?

उत्तर: पेनाने मारलेला शेरा कागदात मुरतो, पीडीएफमधला मुरत नाही. फाइलमध्ये पानाचं चित्र एकीकडे असतं आणि शेऱ्यांची नोंद दुसरीकडे. ती नोंद दाखवायची की नाही, छापायची की नाही, हे उघडणारा प्रोग्रॅम ठरवतो. ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट चौकटीत ‘डॉक्युमेंट अँड मार्कअप्स’ निवडा, म्हणजे हायलाइट छापले जातील. चिठ्ठीच्या पोटातला मजकूर मात्र एवढ्याने पानावर येत नाही. वकिलांना वाचायलाच हवा असेल, तर टेक्स्ट बॉक्स घेऊन समासात लिहा. मग ‘प्रिंट टू पीडीएफ’ने वेगळी प्रत काढून तीच पाठवा, त्या प्रतीत शेरा पक्का बसतो. मूळ स्कॅन कोराच ठेवा.

प्रश्न: सभासदांच्या आधार कार्डांवरचे आकडे काळ्या चौकटीने झाकले. आता पीडीएफ व्हॉट्सॲप गटावर टाकू का?

उत्तर: कृपा करून टाकू नका. ती चौकट म्हणजे वर ठेवलेली पट्टी. कोणीही ती उचलून बाजूला करेल, खाली आकडे जसेच्या तसे. स्कॅनवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायचं काम, झालं असेल तर चित्रामागे अदृश्य अक्षरांचा आणखी एक थर असतो. काळ्या भागावरून माउस ओढा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. आकडे उमटले तर झाकलेलं काहीच नाही. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदाचं हेच झालं. काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी साधा कॉपी-पेस्ट करून वाचला.

यासाठी ‘रिडॅक्ट’ नावाचं वेगळं साधन असतं. खूण करून पुढे ‘अप्लाय’ दाबलं, तरच चित्राचे ठिपके आणि खालची अक्षरं दोन्ही पुसली जातात. कागद साठवायच्या दस्तऐवज सॉफ्टवेअरमध्ये फाइलची जुनी आवृत्ती शिल्लक राहू शकते, ती कोण उघडू शकतं तेही तपासा. त्याहून बरं म्हणजे सभासदांकडून मास्क्ड आधारच मागा, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. आणि तरीही, गटावर टाकायची गरज आहे का? दुसऱ्याचा कागद आपल्याकडे विश्वासाने आलेला असतो.

प्रश्न: फेरफाराच्या स्कॅनवर हायलाइट ओळ पकडतच नाही.

उत्तर: कारण तिथे ओळ नाही, फोटो आहे. छापील मराठी असेल तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन करून मराठी ओसीआर चालवा. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये मराठीची सोय आहे, फुकट आहे. हस्तलिखित असेल तर त्यात वेळ घालवू नका, सरळ आयताची खूण करा.

प्रश्न: डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर शेरा मारला तर चालेल?

उत्तर: सही झालेल्या फाइलला हात लावू नका, पडताळणीत ‘बदल झाला’ असं दिसू शकतं. शेरे प्रतीवर मारा.

प्रश्न: संस्थेचं दस्तऐवज सॉफ्टवेअर बदलतोय. शेरे सोबत येतील?

उत्तर: बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शेरे फाइलमध्ये नसून डेटाबेसमध्ये असतात. एक फाइल डाउनलोड करून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. शेरे दिसले नाहीत, तर जुना करार संपायच्या आत विक्रेत्याकडून शेऱ्यांसह निर्यात मागून घ्या.