सगळ्यात मागे कोण चालतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. दिवाळीनंतर सोसायटीतल्या आम्ही काही जणींनी ‘रविवारी टेकडी’ असा उपक्रम सुरू केला. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला, सकाळी सहाला गेटपाशी जमायचं ठरवलं. सुरुवातीला चांगली पंचवीस-तीस माणसं आली. आता फेब्रुवारीत आधीपासून रोज चालणारे तेवढे उरलेत. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते शुगर-बीपीवाले, गुडघे धरून बसलेले आणि आमचे निवृत्त यजमान घरीच आहेत. यजमान म्हणतात, ‘मला चालायला आवडत नाही.’ यांना बाहेर काढायचं कसं?
– एक वाचक भगिनी, कोथरूड

उत्तर : मला आधी एक सांगा. त्या पहिल्या रविवारी सगळ्यात मागे कोण चालत होतं? आणि त्या माणसाबरोबर कोण होतं?

मी बरीच वर्षं पुण्यातल्याच तळजाई टेकडीवर असा गट चालवते आहे. चढावर दम लागलेला माणूस ‘मला दम लागला’ असं कधीच म्हणत नाही. तो बुटाची लेस बांधायला वाकतो, नाहीतर फोन काढून कानाला लावतो. पुढचे वळणावर थांबलेले असतात. हा तिथे पोचला रे पोचला की ते ‘चला’ म्हणून निघतात. ज्यांना गरज नव्हती त्यांची विश्रांती झाली, ज्याला हवी होती त्याला श्वास घ्यायलाही उसंत नाही. पुढच्या रविवारी तो येत नाही आणि विचारलं तर ‘आवडत नाही’ एवढंच सांगतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत हेच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण एकदा शांतपणे विचारून बघा.

लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 ला 13 जण धावले आणि त्यातून ‘पार्करन’ ही चळवळ उभी राहिली. दर शनिवारी सकाळी, फुकट, पाच किलोमीटर. धावा किंवा चाला. आज ती अनेक देशांत चालते. तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एका स्वयंसेवकाचं कामच मुळी सर्वांत शेवटी राहण्याचं असतं. त्यामुळे नवखा माणूस कितीही हळू चालला तरी शेवटचा ठरत नाही. तुमच्या गटातही हे करा. त्यासाठी सगळ्यात दमदार माणूस निवडा, आणि त्याला घड्याळ न बघण्याची अट घाला.

दुसरी गोष्ट जागेची. पहिले काही रविवार खालून चढूच नका. वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी वर न्या आणि माथ्यावरच्या सपाटीवरून वेताळाच्या देवळाच्या दिशेने जमेल तितकं चाला. तळजाईलाही गाडी थेट पठारावर जाते. चढ पुढे आपोआप येईल. वेळेचाही विचार करा. सकाळी सहा ही वेळ घरातल्या बायकांनी ठरवली असली तरी ती सोयीची असतेच असं नाही. दूध, चहा, आंघोळीचं पाणी हे सगळं त्याच वेळेला असतं. आणि टेकडीवर स्वच्छतागृह नाही म्हणून न येणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्यात. त्या हे ग्रुपवर लिहिणार नाहीत. जवळ जाऊन विचारलं तरच सांगतील. भारतात 2022 मध्ये निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पुरुषांचं प्रमाण 42 टक्के, तर बायकांचं 57 टक्के. हा फरक आळसाचा आहे असं मला मुळीच वाटत नाही.

आता तुमचे यजमान. त्यांना व्यायामाला बोलावू नका, कामाला बोलवा. आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. बायकोच्या आग्रहाखातर यायचे आणि बाकावर पेपर वाचत बसायचे. एका उन्हाळ्यात त्यांना कडुनिंबाचं एक रोप नेमून दिलं. गुडघ्याएवढं, भोवती काट्यांचं कुंपण, बुंध्याशी दगडांचं आळं. दोन लिटरची बाटली घेऊन जायचं, आळ्यात हळूहळू पाणी सोडायचं, मुरमात जिरेपर्यंत थांबायचं आणि परत यायचं. पाणी भसकन ओतलं तर उतारावरून वाहून जातं, म्हणून तिथे बसावंच लागतं. बसलं की नाचण पक्षी शेपटीचा पंखा पसरून समोर नाचतो, मोर ओरडतो, माणूस मान वर करून बघू लागतो. एप्रिलमध्ये पानं मलूल दिसली तेव्हा काका रविवारची वाट न बघता मधल्या वारीही जायला लागले. पुढे शेजारच्या रोपांची बाटलीही त्यांच्याच हातात आली. पुण्याच्या टेकड्यांवर कॅननी पाणी वाहून झाडं जगवणारी माणसं पुष्कळ आहेत, तुम्हीही त्यांच्यात सामील होऊ शकता. मात्र वनखात्याच्या जागेत विचारल्याशिवाय नवीन रोप लावू नका. आधी लावलेली जगवा.

आणि हे दिवस फार चांगले आहेत. पांगारा फुललाय, काटेसावरीवर मैनांची झुंबड आहे, गणेरीच्या निष्पर्ण फांद्यांवर पिवळीधमक फुलं आलीत. झाडं ओळखणारं कुणी गटात असेल तर त्याला बोलतं करा. झाडापाशी थांबायला मिळालं की दम लागलेल्याला लेस बांधावी लागत नाही.

किती चालायचं, ही चिंता आत्ता नको. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम गतीने, हे उद्दिष्ट बरोबरच आहे. पण एका दमात सलग दहा मिनिटं तरी व्हायलाच हवीत, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये काढून टाकली आहे. पाच-पाच मिनिटंही जमेस धरतात.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत, मधुमेहाची गोळी घेतात. उपाशीपोटी टेकडीवर नेलं तर चालेल का? उतरताना गुडघेही दुखतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी त्यांच्या डॉक्टरांना गोळी दाखवून हाच प्रश्न विचारा. इन्शुलिन आणि काही गोळ्यांमुळे चालताना साखर एकदम उतरू शकते, सगळ्याच गोळ्यांमुळे नाही. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असू द्या. घाम फुटला, हात थरथरले की लगेच बसवून ती द्या. चालताना छातीत दाब जाणवला तर तिथेच थांबायचं आणि मदत बोलवायची, ‘थोडं राहिलंय’ म्हणून रेटायचं नाही. गुडघ्यांना त्रास चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतो. हातात काठी, खाचांच्या तळाचे बूट आणि छोटी पावलं, एवढ्याने बराच फरक पडतो. सुटा मुरूम असलेली पायवाट टाळा. अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्ता थेट वर जातो, तिथून सुरुवात करा. गुडघा सुजलेला असेल त्या दिवशी मात्र सपाटीवरच चाला.