‘मॅडम, मी टोलनाका झालोय’

‘मॅडम, टीम अशी राहिलीच नाही. निम्मे घरी, निम्मे ऑफिसात, आणि सगळ्यांचे फोन मलाच.’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य गेल्या तीन-चार वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की उरलेलं मी मनातच पुरं करते. बोलणारे बहुतेक चाळिशीतले, चार विभागांची मोट बांधायचं काम अंगावर आलेले. त्या सगळ्यांसाठी नितीन यांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

नितीन चाकणजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोजेक्ट मॅनेजर. डिझाइन, परचेस, क्वालिटी आणि प्रॉडक्शन मिळून अकरा माणसं त्यांच्या प्रोजेक्टवर, पण प्रत्येकाचा साहेब वेगळा. म्हणजे जबाबदारी पुरी, अधिकार नावाला. डिझाइनवाले आठवड्यातले तीन दिवस बाणेर-वाकडला घरून काम करायचे. क्वालिटी आणि प्रॉडक्शनला ती सोय नाही, मशीन घरी नेता येत नाही. ‘ते घरी चहा पीत ड्रॉइंग पाठवतात, आम्ही मोशीच्या ट्रॅफिकमध्ये सडतो,’ ही प्लांटची कायमची धुसफूस.

माझ्याकडे मात्र ते आले होते झोप लागत नाही आणि ॲसिडिटी जात नाही म्हणून. पत्नीने पाठवलं होतं. मीही पहिले दोन-तीन वेळा झोपेवर आणि ‘नाही म्हणायला शिका’ यावरच काम केलं. काही उपयोग झाला नाही. चुकलं माझंच, मी एकट्या माणसाकडे बघत होते.

मग एक दिवस ते चिडूनच आले. ड्रॉइंगची ‘सी’ रिव्हिजन, म्हणजे नवी सुधारित आवृत्ती, निघाली होती आणि लाइनवर जुनी ‘बी’च चालू राहिली. चारशे ब्रॅकेट भंगारात.

‘कोणाच्या लक्षात आलं नाही?’

‘आलं होतं की! क्वालिटीच्या सुपरवायझरला सकाळीच शंका आली होती.’

‘मग सकाळच्या कॉलवर बोलले नाहीत?’

‘मी विचारलं ना, एनी इश्यूज? म्हणाले, नो सर. कॉल संपल्यावर पाच मिनिटांत फोन, सर, तुम्हाला म्हणून सांगतो... मी तेव्हा दुसऱ्या मीटिंगमध्ये. डिझाइनला कळवेपर्यंत संध्याकाळ झाली, शिफ्ट संपली होती.’

मी कोरा कागद पुढे केला. अकरा जणांची नावं गोल लिहायला सांगितली आणि मध्ये त्यांचं. सोमवारपासून कोण कोणाशी कामाचं बोललं, तेवढ्या रेघा ओढायच्या. ते मोबाईल बघत ओढत गेले. मी गप्प. दहा मिनिटांत कागदावर कोळ्याचं जाळं तयार झालं. परिघावरून परिघावर जाणाऱ्या रेघा फक्त तीन, बाकी सगळ्या मध्यातून. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, मी टोलनाका झालोय.’

‘टोल कोण भरतं?’

‘मीच.’ हसले, आणि लगेच गंभीर झाले. ‘पण नाका उठवला तर मला विचारेल कोण?’

इथे माझे कान टवकारले. शिकवलेली पद्धत बाजूला ठेवून मी विचारलं, असे निरोप याआधी कुठे पोचवलेत? उत्तर आलं ते त्यांच्या गावच्या मळ्यातून. वडील आणि काका एका विहिरीवर, पण एकमेकांशी अबोला. ‘काकांना सांग, मोटर बंद करा.’ ‘जा, बापाला सांग, माझी पाळी संपली नाही.’ दहा वर्षांचा नितीन बांधावरून पळत. त्याच्यावाचून दोघांचं अडायचं आणि दोघंही त्याला शहाणा म्हणायचे. ऑफिसातली माणसं घरून काम करू लागली तसा तो बांध पुन्हा तयार झाला आणि नितीन आपोआप पळू लागले. मला विचाराल तर त्यांची ॲसिडिटी त्या विहिरीइतकी जुनी होती.

तरी सगळं बालपणावर ढकलणाऱ्यांतली मी नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांनी 1951 साली ब्रिटिश कोळसा खाणींवर लिहिलं होतं. पूर्वी छोटा गट पूर्ण काम करायचा. यंत्रं आल्यावर कामाचे तुकडे तीन शिफ्टमध्ये वाटले गेले आणि प्रत्येक शिफ्ट आधीच्या शिफ्टच्या नावाने बोटं मोडू लागली. खाणकामगार तेच होते, कामाची वाटणी बदलली होती. चाकणलाही तसंच. पूर्वी सुपरवायझर कॅन्टीनमध्ये डिझायनरला गाठून ‘हे भोक बसत नाही हो’ म्हणायचा. आता तेच त्याने अकरा जणांसमोर, कॅमेऱ्यात, इंग्रजीत म्हणायचं. गप्प बसणार नाही तर काय!

पुढचे उपाय नितीन यांनी स्वतःच शोधले, मी फक्त खोदत राहिले. ‘तुम्हाला म्हणून सांगतो’ असा फोन आला की ते संबंधिताला तिथेच कॉलवर घेऊ लागले आणि दोन मिनिटांत स्वतः बाहेर पडू लागले. कॉलवर मराठी-हिंदी चालेल असं जाहीर केलं. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक याने पडला. ‘काही अडचण?’ ऐवजी ‘हे ड्रॉइंग लाइनवर कुठे अडेल?’ हा प्रश्न, आणि तोही पहिला प्लांटला. कॉलच्या वेळी प्लांटमधले चौघं कॉन्फरन्स रूममध्ये एकत्र बसून आपापसांत कुजबुजायचे, ते बंद करून प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून बोलायचं ठरलं. आणि डिझाइनवाले प्लांटला आले की त्या दिवशी मीटिंग नाही, मशीनपाशी उभं राहायचं. अनेक कंपन्या ऑफिसला यायची सक्ती करतात आणि आलेल्यांना पुन्हा खोलीत कोंडून स्क्रीनसमोर बसवतात. मग एवढं बोलावलं कशाला?

तिसऱ्या आठवड्यात घाबऱ्या आवाजात फोन आला. ‘मॅडम, भांडले! डिझाइन आणि क्वालिटी, भर कॉलवर!’

‘झालं का एकदाचं?’ मी म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

शेवटच्या भेटीत झोपेबद्दल विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणून मोकळे झाले. सांगायचं भलतंच होतं. एका फिक्स्चरची, म्हणजे मशीनवर भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साधनाची, अडचण सुपरवायझर आणि डिझायनरने परस्पर, व्हिडिओ कॉलवर भाग दाखवत, अर्ध्या तासात सोडवली होती. नितीन यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

‘मला कोणी सांगितलंसुद्धा नाही,’ ते म्हणाले. थोडे रुसलेच होते.