मेळावा नको, आधी पहिल्या वर्षाची सोय करा

गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या पदवीधर मुलांना घराजवळ शिक्षणाला साजेसं काम मिळावं म्हणून तुमच्या मंडळाला रोजगार मेळावा घ्यायचाय, आणि त्यासाठी कंपन्यांना कसं गाठावं असं तुम्ही विचारलंय. औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात माझी उमेदीची वर्षं गेली आणि नवीन मुलांच्या मुलाखतीही मी पुष्कळ घेतल्या. म्हणून स्पष्टच सांगतो, मेळाव्यावर पैसे घालू नका. मेळाव्यातून एचआरवाले बायोडेटांचा गठ्ठा घेऊन जातात, आणि फ्रेशरचे असे गठ्ठे त्यांच्याकडे आधीच पडलेले असतात.

आपल्या मुलांचं घोडं अडतं ते पहिल्या वर्षाला. वेर्ण्याच्या, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत केमिस्ट लागतातच, पण जाहिरातीत अट असते एक ते तीन वर्षांच्या अनुभवाची. गुजरातेत वापीला किंवा हिमाचलात बद्दीला काम केलेला मुलगा त्या अटीत बसतो, साखळीची बीएस्सी झालेली मुलगी बसत नाही. 2024 मध्ये गोव्यातल्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रात मुलाखती ठेवल्याच्या जाहिरातींवरून केवढा गदारोळ झाला होता! तो राग रास्तच होता. पण मुलाखती उद्या वाळपईला घेतल्या, तरी अनुभवाचा रकाना कोरा तो कोराच.

तो भरायची वाट कायद्यातच आहे. 1961 च्या अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) कायद्याखाली, 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही धरतात. अप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाला, असं अजून घरोघरी समजतात. पण 2014 च्या दुरुस्तीनंतर साधे बीए, बीकॉम, बीएस्सी झालेलेही त्यात येतात. केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या नॅट्स (NATS) पोर्टलवर नोंदणी करता येते.

तेव्हा मंडळाने आधी गेल्या दोन-तीन वर्षांत पास झालेल्यांची विषयवार यादी करावी आणि त्यांची नोंदणी करून द्यावी. मग ती यादी घेऊन दोघा-तिघांनी थेट कारखान्यांत जावं. होंडा आणि पिसुर्ले या गावांतल्या औद्योगिक वसाहती सत्तरीतच आहेत, डिचोलीची तर तुमच्या दारात. तिथे 'आमच्या मुलांना घ्या' असं मोघम बोलू नका. यंदा किती अप्रेंटिस घेणार आणि कुठल्या विभागात, हे विचारा. विभागाचं लावून धरा, कारण रसायनशास्त्राच्या मुलीला वर्षभर पॅकिंग लाइनवर उभी केली तर ते वर्ष वाया गेलं. अप्रेंटिसचं विद्यावेतन पगाराहून कमी असतं, त्यामुळे आईवडील कुरकुरतील. हा अनुभवाचा दाखला पुढे काय कामाला येतो, ते त्यांना घरी जाऊन समजावून सांगा.

आता तयारीबद्दल. मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारायचो: नोंदवहीत वाचन चुकीचं लिहिलं गेलं, तर काय करशील? निम्मी मुलं म्हणायची, खोडून नीट लिहीन. व्हाइटनर लावीन म्हणणारेही भेटले. औषध कारखान्यात हे चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. कॉलेजात हे ज्याला कुणी सांगितलेलंच नसतं, तो बिचारा हुशार असूनही तिथेच अडकतो. आम्लता मोजणारं पीएच मीटर 4, 7 आणि 9.2 पीएचच्या बफर द्रावणांवर कॅलिब्रेट करणं (अचूकता तपासून जुळवणं), एसओपी म्हणजे कामाची लेखी कार्यपद्धती वाचून त्याच क्रमाने काम करणं, हे शिकवायला फार दिवस लागत नाहीत. तुमच्याच गावात वेर्ण्याला नोकरीला जाणारं कुणीतरी असेलच. त्यांना रविवारी बोलवा.

इंग्रजीचंही तेच. आपली मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात, पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी होतात. वाचलेलं कळतं, बोलायची सवय मात्र नसते. त्यांना भाषणं द्यायला लावू नका. 'तू केलेलं टायट्रेशन मला सांग' एवढंच इंग्रजीत, रोज, पाच मिनिटं.

बसचा प्रश्न मेळाव्यात कुणी काढत नाही, आणि मुली नोकरी सोडतात त्या बहुतेक वेळा त्यापायीच. कंपनीची बस फोंडा किंवा पणजीपर्यंत येते. सकाळच्या शिफ्टला तिथवर पोचायचं कसं, आणि रात्री उतरल्यावर आत गावात जायचं कसं? एका भागातली पाच-सहा मुलं एकाच वसाहतीत लागली तर गाडी ठरवता येते, कंपनीकडे बस पुढे आणायची मागणी करता येते. एकट्या मुलीचं कुणी ऐकत नाही. म्हणून यादी करतानाच गाव आणि जवळचा बस थांबाही लिहून घ्या.

सरकारी नोकरीची वाट बघत घरी बसणाऱ्यांना हिणवू नका. 2012 ला आणि पुन्हा 2018 ला खाणी बंद पडल्या, तेव्हा आपल्या भागात घरंच्या घरं एका रात्रीत उघड्यावर पडली. ते बघितलेला बाप मुलाला सरकारी पगार मिळावा म्हणणारच. पण गोव्याच्या कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा काम करता करता देता येते. कोकणीचं ज्ञान मात्र हवं, त्याकडे मराठी शाळेतल्या मुलांनी आतापासून लक्ष द्यावं.

यादी तयार झाली की इथेच कळवा. सरावाच्या मुलाखती घ्यायला मी डिचोलीला येईन, आणि शक्य झालं तर उत्पादन विभागातला एखादा जुना सहकारीही बरोबर आणीन.